उघड्या हातांनी

धावपटूंच्या त्या प्रशिक्षण केंद्रात तिला सगळेच मावशी म्हणायचे. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला फाटकावरचा पहारेकरीसुद्धा. मावशी मालिश करायची. आधी ती एका इस्पितळात हाडांच्या वॉर्डात मदतनीस होती. प्लॅस्टर काढल्यावर काडीसारखे झालेले पाय चोळून चोळून पुन्हा माणसांना चालतं करायचं, हे तिचं काम. तिथल्या डॉक्टरांनी तिचे हात पाहिले आणि केंद्रात शब्द टाकला. अडतिसाव्या वर्षी ती तिथं लागली.

मालिशची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या पोटात होती, म्हणून छप्पर तिरकं. उंच मुली आत येताना मान वाकवायच्या, आणि विसरल्या की कपाळमोक्ष ठरलेला. मधोमध रेक्झिनचं टेबल, कोपऱ्यावर फाटलेलं, त्यावर चिकटपट्टी. भिंतीला जमिनीलगत एक बुटकी खिडकी होती. तिच्यातून ट्रॅक दिसायचा, पण धावणारी माणसं दिसायची नाहीत, दिसायचे ते फक्त गुडघ्याखालचे पाय. मावशी पायांवरून माणूस ओळखायची. चेहऱ्यांत तिचा नेहमी घोटाळा व्हायचा, पायांत कधीच नाही.

"तोंडं खोटं बोलतात," ती म्हणायची, "पोटऱ्या नाही बोलत."

हातमोजे घालायला तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं. मोज्यातून पाय कळत नाही, असं तिचं म्हणणं. दुखरी जागा कुठं आहे हे मुलीनं सांगायच्या आधी तिच्या अंगठ्याला सापडायची.

त्या काळात केंद्रात शंभर मीटरच्या दोन मुली होत्या. एक शिडी आणि दुसरी भिंगरी. शिडी उंच, लांब पायांची, सुरुवातीला मागं पडणारी आणि शेवटच्या तीस मीटरमध्ये उडत येणारी. तिचा बाप घरं रंगवायचा. भिंगरी बुटकी, घट्ट अंगाची. बंदुकीचा आवाज आणि तिचा पहिला पाय यांत फरक कळायचा नाही. दोघी एकाच वयाच्या, एकाच वसतिगृहात, आणि तीन वर्षांत एकमेकींशी तीन वाक्यं बोललेल्या नाहीत. शिडीला मुख्य प्रशिक्षक शिकवायचे, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणायचे. भिंगरी दुसऱ्या एका प्रशिक्षक बाईंकडे होती.

निरोपानिरोपी चालायची ती मावशीमार्फत.

"मावशी, तिला सांगा, तो निळा टॉवेल माझा आहे."

"अगं, ती दारातच उभी आहे."

"हो, पण तुम्ही सांगा."

मावशी हसायची आणि सांगायची. त्या दोघींवर तिचा जीव होता. तिची स्वतःची मुलगी परगावी नर्सिंग शिकत होती. घरात ती आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा तिचा नवरा, एवढीच माणसं. त्यामुळे दिवसभराची माया ती त्या टेबलावरच्या पायांवर काढायची.

मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुढच्या वर्षी होती आणि जागा एकच. भिंगरी पुढं होती. फार नाही, सेकंदाच्या शंभर भागांतले पाच-सहा भाग. पण तेवढ्यात आयुष्यं इकडची तिकडं होतात. शिडी हरून आली की टेबलावर पालथी पडून रेक्झिनमध्ये तोंड खुपसायची आणि म्हणायची, "मावशी, तिची पाठ मला पाठ झालीय. घामाचा डाग कुठून सुरू होतो तेसुद्धा सांगू शकेन."

असंच एकदा शिडी हरल्यानंतर, दुसऱ्या दिवशी दुपारी सर मालिशच्या खोलीत आले. सरांच्या हातात एक पांढरी बाटली होती. वर दाबायचा पंप होता, लेबल खरवडून काढलेलं होतं.

"मावशी, हे नवीन आलंय. थकवा लवकर उतरतो. शिडीला सरावानंतर रोज लावा. मांड्या, पोट, खांदे."

"आणि बाकीच्यांना?"

"मोजकंच आलंय. बाकीच्यांचं नंतर बघू. आणि उगाच बोभाटा नको, नाहीतर सगळ्या मागायला लागतील."

मावशीनं झाकण काढून वास घेतला. स्पिरिटसारखा, गार. हातावर घेतलं की क्षणात मुरायचं, तेलकटपणा राहायचा नाही. हे कसलं औषध, असं तिनं विचारलं नाही. सरांना विचारायची पद्धतच नव्हती. तिची तात्पुरती नोकरी कायम झाली होती ती त्यांच्याच सहीनं. शिवाय ते देतात ते चांगल्यासाठीच, असं ती मानायची. पुढं कितीतरी वर्षं तिनं स्वतःला विचारलं की आपण खरंच मानत होतो, की मानणं सोयीचं होतं. उत्तर कधी एक आलं नाही.

महिना-दीड महिन्यात तिच्या अंगठ्यांना फरक कळला. शिडीच्या मांडीतला स्नायू आता दाबला तरी दबायचा नाही, उलट बोट परत ढकलायचा. सकाळी दगड झालेला पाय संध्याकाळपर्यंत मोकळा व्हायचा. बुटक्या खिडकीतून दिसणारे शिडीचे पाय जमिनीला जेमतेम शिवायचे. चौथ्या महिन्यात तिनं भिंगरीला पहिल्यांदा हरवलं. मग दुसऱ्यांदा. मग ती सवयच झाली.

आता टेबलावर तोंड खुपसायची पाळी भिंगरीची होती.

"मावशी, खरं सांगा. तिच्या पायांत काय आहे?"

"मेहनत आहे, बाई. दुसरं काय असणार?"

"मेहनत माझ्याही पायांत आहे. तुमच्या हाताला ती लागत नाही का?"

मावशीनं तिच्या पोटरीवरून अंगठा फिरवला. लागत होती. 

तोवर तिच्या स्वतःच्या अंगातही काहीतरी सुरू झालं होतं. हनुवटीवर दोन राठ केस आले, ते तिनं उपटले, तर त्या जागी पाच आले. पाळी थांबली. पंचेचाळिशी आली, व्हायचंच, म्हणून तिनं सोडून दिलं. राग मात्र भलत्याच वेळी यायचा. एकदा झाकण लागत नाही म्हणून तिनं डबा भिंतीवर फेकला आणि नंतर स्वतःच दचकून त्या डब्याकडे बघत बसली. मग घसा बसला. सर्दी म्हणून गुळण्या केल्या, काढा घेतला. सर्दी गेली. घसा काही सुटला नाही.

एका रविवारी मुलीचा फोन आला. मावशीनं उचलला.

"हॅलो."

"बाबा, आईकडे द्या ना फोन."

"अगं, मीच बोलतेय."

 मग मुलगी म्हणाली, "आई? काय झालं तुझ्या आवाजाला?"

नवरा हसत म्हणाला, "घरात आता दोन पुरुष झाले. भाजी आणायला कुणी जायचं ते ठरवू." मावशीही हसली. हसणंही जाड आलं, दुसऱ्याच कुणाचं तरी. दोघांचंही हसू तिथल्या तिथं विझलं.

मुलगी सुट्टीवर आली आणि आईचं काही न ऐकता तिला रक्त तपासायला घेऊन गेली. निकालाचा कागद आला तो तिनं दोनदा वाचला. स्वयंपाकघरात आई ओट्याशी उभी होती. मुलीनं कागद मागं धरला आणि विचारलं, "आई, तू तिकडं कामावर कशाकशाला हात लावतेस?"

"तेल. मलम. नेहमीचंच."

"आणखी?"

मावशीला पांढरी बाटली आठवली. तिनं सांगितलं. मुलगी खुर्चीवर बसली.

"तुझ्या रक्तात पुरुषांचं हार्मोन आहे. बायकांत असतं त्याच्या कितीतरी पट. ज्यांच्या अंगात ते कमी पडतं अशा पुरुषांना डॉक्टर असं जेल लावायला देतात. कातडीतून आत जातं ते. ज्याला लावायचं त्याच्या, आणि जो उघड्या हातानं लावतो त्याच्याही."

मावशी आपल्या तळहातांकडे बघत राहिली.

"आवाज परत येईल ना?"

"केस कमी होतील. पाळीचं बघू. आवाज..." मुलीनं मान हलवली. "आवाज नाही यायचा, आई."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मावशीनं सरांना गाठलं. खेळाच्या साहित्याच्या खोलीत ते अडथळ्यांच्या शर्यतीच्या फळ्या मोजत होते. तिनं सगळं एका दमात सांगितलं. सरांनी मोजणं थांबवलं नाही. शेवटची फळी मोजून झाल्यावर ते वळले.

"लावलं कुणी, मावशी?"

"मी. पण तुम्हीच..."

"बाटलीवर कुणाच्या बोटांचे ठसे आहेत? रक्त कुणाचं बिघडलंय? तुम्ही बोलायला गेलात तर पहिले हात तुमचेच बांधले जातील. मी तर म्हणेन, मला काही माहीतच नाही." मग ते जवळजवळ प्रेमानं म्हणाले, "आजपासून बंद करू. झालं गेलं विसरा. पोरगी शिकतेय ना तुमची?"

बाटली त्याच संध्याकाळी फडताळातून नाहीशी झाली. मावशीला हायसं वाटलं, हे खरं. त्याचीच लाज तिला पुढं सगळ्यांत जास्त वाटत राहिली. शिडी मालिशला आली तेव्हा मावशीनं साधं तेल घेतलं. शिडीनं मान वळवून विचारलं, "ते गार गार संपलं?"

"संपलं," मावशी म्हणाली.

सांगायचं असतं तर ती वेळ होती. दार बंद होतं, खोलीत दोघीच होत्या. मावशी तोंडात मिठाची गुळणी धरून पाय चोळत राहिली.

शनिवारी सकाळी खेळाडूंच्या अंगात बंदी असलेली औषधं शोधणारे तपासणीवाले आले. दोन माणसं, हातात सीलबंद डबे. त्यांना फक्त शिडीच हवी होती. तीन आठवड्यांनी शिडीविरुद्ध निकाल आला आणि केंद्रात कुणी कुणाशी मोठ्यानं बोलेना.

चौकशी एका सरकारी इमारतीत झाली. लांब टेबल, त्यावर पाण्याच्या बाटल्या रांगेत, खिडकीला जाड पडदे आणि समितीची तीन माणसं. त्यांत एक बाई होत्या, डॉक्टर. शिडी समोरच्या खुर्चीत बसली होती, शेजारी तिचा बाप. त्याच्या नखांत पांढरा रंग होता. शिडी रडत एकच वाक्य बोलत होती, "मी काही खाल्लं नाही, काही टोचून घेतलं नाही. कुणाचीही शपथ घेते."

मग मावशीला बोलावलं.

"मालिशसाठी काय वापरता?"

"तेल."

"आणखी काही?"

"दुखऱ्या जागी मलम. नेहमीचं, पेटीतलं."

डॉक्टर बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. काही क्षण त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"तुमचा आवाज नेहमीच असा आहे?"

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. मावशीची नजर शिडीकडे गेली. शिडीनं रडणं थांबवलं होतं. ती मावशीकडे टक लावून बघत होती. तीन वर्षं तो टेबलावरचा आवाज ऐकलेली मुलगी. पूर्वी तो कसा होता हे तिच्याइतकं तिथं कुणाला ठाऊक नव्हतं.

"हो," मावशी म्हणाली. "जन्मापासून."

डॉक्टर बाईंनी मान खाली घातली आणि लिहिलं. शिडी एक शब्द बोलली नाही.

तिला चार वर्षांची बंदी झाली. तिच्या वयाच्या धावणाऱ्या मुलीला चार वर्षं म्हणजे जन्मठेपच. मोठ्या स्पर्धेला भिंगरी गेली आणि पहिल्याच फेरीत सातवी आली.

मावशीनं सहा महिन्यांत नोकरी सोडली. एका वृद्धाश्रमात तिला काम मिळालं, अंथरुणाला खिळलेल्यांचे पाय चोळायचं. तिथं ती हातमोज्यांच्या दोन जोड्या घालायची, एकावर एक. म्हातारी माणसं म्हणायची, "अगं, हात लागू दे की जरा, रबर काय चोळतेस." ती ऐकायची नाही.

लोकांना वाटायचं बाई घुमी आहे. ती घुमी नव्हती. तिला तोंड उघडायची भीती वाटायची. दुकानात ती बोटानं वस्तू दाखवायची. बसमध्ये तिकीट मागताना वाहक चमकून वर बघायचा आणि दरवेळी तिला वाटायचं, आता हा विचारणार, नेहमीच असा आहे का? घरात नवऱ्याला हाक मारायची सोडून ती त्याच्या समोर जाऊन उभी राहायची. पूर्वीचा विनोदी माणूस, तोही हळूहळू मुका झाला. एकदाच म्हणाला, "तू त्या समितीसमोर जे बोललीस ना, ते इथं रोज जेवायला बसतं आपल्याबरोबर."

आणि पाय. रस्त्यानं जाताना तिची नजर खालीच असायची. फूटपाथवर कुणी लांब पायाचं समोरून आलं की ती बाजूला सरून उभी राहायची. बसल्या जागी तिचे अंगठे मांडीवरच्या पिशवीत रुतायचे, गोल फिरायचे, कुठली तरी गाठ शोधायचे. कधी कधी गाठ लागायचीसुद्धा. तोच घट्ट, बोट परत ढकलणारा स्नायू, कापडाच्या पिशवीत. ती दचकून हात काढायची. पिशवीत कांदे-बटाटे असायचे.

अशी साडेआठ वर्षं गेली.

एक दिवस वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात पावलं वाजली आणि मावशीनं वर बघायच्या आधीच ओळखलं. भिंगरी. थोडी जाड झाली होती. आता एका शाळेत मुलींना धावायला शिकवत होती. दोघी बाकावर बसल्या. भिंगरी बराच वेळ रुमालाची घडी घालत आणि मोडत राहिली.

"मावशी, तपासणीवाल्यांना मी कळवलं होतं. नाव न सांगता. फोन करून."

मावशीनं मान वर केली.

"मला वाटलं, मी बरोबर केलं. निकालही तसाच आला. पण समितीपुढं ती जशी रडली म्हणतात, ते ऐकल्यापासून माझ्या मनाला काही पटेना. खोटं बोलणारं माणूस चिडतं. असं रडत नाही."

"आज का आलीस?"

"गेल्या आठवड्यात माझ्या मुलींना घेऊन सरांच्या अकादमीत गेले होते. स्पर्धा होती. मोठी अकादमी आहे त्यांची आता, चाळीस मुली आहेत. तिथं मालिशला एक तरुण बाई आहे. मला म्हणाली, 'ताई, इकडून या.'" भिंगरीनं रुमाल घट्ट मुठीत धरला. "मला वाटलं मागं तुम्हीच उभ्या आहात. तुमचाच आवाज, मावशी. असा आवाज मी आयुष्यात दोनच बायकांचा ऐकलाय आणि दोघींनी सरांकडे मालिश केलीय. मी अडाणी असेन, पण एवढा हिशेब मला येतो."

 या साडेआठ वर्षांत तिनं शिडीचा विचार केला होता, स्वतःचा केला होता. पण सरांनी दुसरी बाटली आणली असेल, दुसरे हात शोधले असतील, हे तिच्या मनात एकदाही आलं नव्हतं. जणू ती नोकरी सोडून आली आणि मागं सगळं थांबलं.

तिनं सांगितलं. बाटली, रक्ताचा कागद, साहित्याची खोली, 'जन्मापासून'. साडेआठ वर्षं दाबून ठेवलेलं दहा मिनिटांत संपलं, याचंच तिला नवल वाटलं.

भिंगरी उठून उभी राहिली. ती ओरडेल असं मावशीला वाटलं होतं.

"हे तिला सांगितलंत?"

"नाही."

"मग मला आधी कशाला सांगितलंत?" भिंगरीचा आवाज फुटला. "माझा काय हक्क होता आधी ऐकायचा?" तिनं कागदावर शिडीचा पत्ता लिहिला, बाकावर ठेवला आणि मागं न बघता निघून गेली.

पत्ता एका शाळेचा होता. सुट्ट्या होत्या, वर्ग रिकामे, बाकं मैदानात रचलेली. बाप थकल्यावर घरं रंगवायचं काम शिडीनं घेतलं होतं. वर्गात ती फळीवर उभी राहून छताला रंग देत होती. मावशीला आधी तिचे पाय दिसले. पोटऱ्या बारीक झाल्या होत्या, पण टाचा त्याच.

"कोण?" वरून आवाज आला.

मावशी थबकली. तो आवाजही जाड होता. चौकशीच्या दिवसांतही तो बदललेला असणार, पण तेव्हा रडण्यात तो कुणाच्या कानी आला नव्हता. तिच्याही नाही.

शिडी खाली उतरली. तिनं हात पुसले. मावशीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, एकही सबब न सांगता. शिडी ऐकत होती, ब्रशमधून रंग ठिबकत होता.

मावशीचं संपल्यावर ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय?"

"म्हणजे कळत होतं. तुमचा आवाज बसला तेव्हाच माझाही बसायला लागला. हनुवटीवर केस मलाही आले. मी काही खुळी नव्हते, मावशी. पण घड्याळ दर आठवड्याला कमी दाखवत होतं. मी विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. मला उत्तर नको होतं. मला तिची पाठ बघायची नव्हती."

"मग समितीपुढं का नाही बोललीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते." शिडीनं ब्रश डब्यात ठेवला. "त्या बाईंनी तुम्हाला विचारलं ना, तेव्हा मला वाटलं, सुटले. आता मावशी सांगणार. तुम्ही 'हो' म्हणालात. मग मी काय सांगणार होते? मला संशय होता म्हणून? मग इतके दिवस गप्प का, असं विचारलं असतं. ते रडणं खोटं नव्हतं हो. पण पूर्ण खरंही नव्हतं."

मैदानावर कुणीतरी बाकं ओढत होतं. मावशी म्हणाली, "मला माफ कर, असं म्हणायला तोंड नाही मला."

"नका म्हणू. माझ्याच्यानं होणार नाही." शिडी खिडकीशी गेली. "तुम्ही लिहून द्याल? सही करून?"

"देईन."

"त्यात माझंही लिहा. मला कळत होतं, ते."

"अगं, त्यानं तुझं नुकसान..."

"राहिलंय काय नुकसान व्हायचं? अर्धं लिहिलंत तर तो माणूस उरलेल्या अर्ध्यातून निसटेल."

नियमानं अशी तक्रार दहा वर्षांच्या आत करायची असते. दीड वर्ष हातात होतं. मावशीनं सात पानं लिहून दिली, सोबत मुलीनं जपून ठेवलेला रक्ताचा जुना कागद जोडला. भिंगरीनं वेगळं पत्र दिलं. अकादमीवर तपासणीवाले न सांगता गेले. चाळीसपैकी नऊ मुलींच्या शरीरात तेच सापडलं. तिथली मालिशवाली बाई तपासणीवाल्यांसमोर हमसून हमसून रडली. तिला शेवटपर्यंत ते थकव्याचं औषधच वाटत होतं. सरांवर जन्माची बंदी आली. ते म्हणाले, आपल्याविरुद्ध कट आहे, दोन हरलेल्या मुली आणि एक वेडसर बाई. काही लोकांना ते पटलंही. शिडीचा निकाल मात्र बदलला नाही. समितीनं लिहिलं, मालिशची वस्तुस्थिती मान्य, परंतु खेळाडूला संशय होता हे तिनं स्वतःच कबूल केलं आहे. शिडीनं ते पत्र वाचून घडी घालून खिशात ठेवलं आणि कामाला गेली, असं मावशीला भिंगरीकडून कळलं. दोघी आता अधूनमधून फोनवर बोलतात. फार नाही.

मावशीला वाटलं होतं, आता अंगठे थांबतील. ते थांबले नाहीत.

निकालानंतर महिनाभरानं, सकाळी अकराच्या सुमाराला, तिच्या दारात एक बाई उभी राहिली. सोबत सतरा वर्षांची मुलगी, मान खाली घालून. नऊमधली एक. आई आत आली नाही, उंबऱ्यातूनच बोलायला लागली.

"तुम्हीच ना त्या? पोरीचं सगळं गेलं आमच्या. पदकं गेली, वसतिगृह गेलं. इतकी वर्षं गप्प बसलात, आणखी दोन बसला असतात तर तुमचं काय जात होतं?"

मावशीनं दार धरून सगळं ऐकलं. नवरा आतून उठून आला, तिनं त्याला हातानं थांबवलं. बाईचा दम संपला तेव्हा मावशी म्हणाली, "आणि आधी बोलले असते तर?"

"आधी बोलला असतात..." बाई अडखळली. तिचे डोळे भरून आले. "आधी बोलला असतात तर मी हिला तिथं घातलीच नसती."

 मग मुलीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. हळूच, घोगऱ्या आवाजात विचारलं, "मावशी, माझी पाळी चार महिने नाहीये. कुणाला दाखवू?"

मावशीनं आपल्या मुलीला फोन लावला. ती आता एका मोठ्या इस्पितळात सिस्टर होती. तिनं डॉक्टरचं नाव सांगितलं, वेळ घेऊन ठेवते म्हणाली, सोमवारी साडेनऊला. मावशीनं ते कागदावर लिहून आईच्या हातात दिलं.

"तुम्ही येणार बरोबर?" आईनं विचारलं. आवाजात राग अजून होता.

"येईन," मावशी म्हणाली.

सोमवारी ती नऊलाच जाऊन इस्पितळाच्या पायरीवर उभी राहिली. मायलेकी दहा मिनिटं उशिरा आल्या. तिघी आत गेल्या.